आधी साध्या पाण्यात पाहा

धामणगाव बढ्याच्या शिवारात कपाशी उपटली की पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्यावर येऊन पडतात. काही जळतात, काही चुलीत जातात, काही तिथेच राहतात. आषाढात झड लागली की या उरलेल्या काड्यांवर, तुराट्यांवर आणि जुन्या शेणावर भिंग धरून पाहावं. मिलिमीटरभराचे, कधी त्याहूनही लहान पेले उगवलेले दिसतात. पिवळट, तांबूस, मेणचट. ही बुरशीच आहे, पण छत्रीच्या नव्हे, पेल्याच्या आकाराची.

आल्प्समध्ये बर्फ वितळलं की अभ्यासक तिथल्या झुडपांचे मेलेले देठ गोळा करतात आणि त्यांवरचे असेच पेले सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, देठ कोणत्या झाडाचा? कारण यांतल्या कित्येक जाती ठरावीक वनस्पतीवरच वाढतात. आपल्याकडेही हाच नियम. काडी कपाशीची, तुरीची की पळसाची, हे जागच्या जागी लिहून ठेवलं नाही तर पुढचं निम्मं काम वाया जातं.

नुसत्या डोळ्यांनी नाव देण्याच्या फंदात पडू नये. ब्लेडने पेल्याचा पातळ काप घ्यावा, पाण्याच्या थेंबात ठेवावा, वर काचेची चकती दाबावी. आतल्या अस्तरात लांबट पिशव्या दाटीने उभ्या असतात आणि प्रत्येकीत बहुधा आठ बीजाणू. त्यांची लांबी-रुंदी मायक्रॉनमध्ये, आत पडदे किती, तेलाचे थेंब किती, पेल्याच्या काठावर केस आहेत का, हे टिपायचं. मग आयोडीन सोडायचं. पिशवीचं टोक निळं होतं की नाही, यावरून कुळं वेगळी पडतात. महागडं रसायन लागत नाही. स्टार्चच्या प्रयोगासाठी शाळेत आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइडचं जे द्रावण असतं, तेच चालतं.

आता माझी तक्रार. आपल्या महाविद्यालयांत बुरशी दिसली की पहिला हात लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूच्या बाटलीकडे जातो. रंग सुरेख चढतो, पण पेशी मरतात. जर्मन अभ्यासक हान्स-ओटो बाराल यांनी 1992 साली एका दीर्घ लेखात नेमका हाच मुद्दा मांडला. जिवंत पेशीतले तेलाचे थेंब आणि रसपोकळ्या ही ओळखीचीच लक्षणं आहेत आणि पेशी मेल्या की त्यांतली बरीच नाहीशी होतात. ऑर्बिलिया या मेणचट पेल्यांच्या बीजाणूंत एक बारीक कण असतो. तो जिवंत बीजाणूतच दिसतो. बाराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा या गटावरचा मोठा ग्रंथ 2020 मध्ये लक्झेंबर्गमधून निघाला, तो याच पद्धतीवर उभा आहे. आपल्या कोरड्या भागाला ही पद्धत सोयीची आहे, कारण ऑर्बिलियाच्या कित्येक जाती काडीवर सुकूनही महिनोन्महिने जिवंत राहतात. पाणी शिंपडलं की पेला पुन्हा उघडतो.

सुरुवात मात्र शेणापासून करावी. गुरांचं शेण झाकणाच्या डब्यात ओलसर ठेवून उजेडात ठेवलं की साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत ॲस्कोबोलस उगवतो. भिंगातून त्याच्या पेल्यावर काळसर टिपके दिसतात. त्या वर आलेल्या पिशव्या, आत जांभळे बीजाणू. पिशव्या उजेडाकडे वाकतात आणि बीजाणू दूर गवतावर फेकतात. ते गवत गुरांनी खाल्लं, बीजाणू पोटातून गेले, की शेणात रुजायला सिद्ध. सातवीतल्या मुलीलाही हे डोळ्यांनी पाहता येतं आणि एकदा पाहिलं की बुरशी म्हणजे नुसती घाण, हा समज जातो.

महाराष्ट्राला या विद्येची परंपरा आहे. ज्वारीच्या कणसातून चिकट थेंब गाळणाऱ्या रोगावर श्री. ल. आजरेकरांचा निबंध 1926 चा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतला बुरशींचा नमुनासंग्रह त्यांच्याच नावाने आहे. मा. ना. कामत आणि सहकाऱ्यांनी राज्यातल्या बुरशींची पुस्तकरूप नोंद 1971 मध्ये केली. पण पीक बुडवणाऱ्या बुरशीकडे आपलं जेवढं लक्ष गेलं, तेवढं मेलेली काडी कुजवून मातीला परत देणारीकडे गेलं नाही, असं माझं ठाम मत आहे. पेलेवाल्यांत शत्रूही आहेत. स्क्लेरोटिनिया हरभऱ्याचं खोड कुजवते, जमिनीत काळ्या गाठी सोडते आणि थंड ओलाव्यात त्या गाठींतून तपकिरी पेले काढते. म्हणजे शेतकऱ्यालाही हा आकार ओळखता आला पाहिजे. फवारणीचा खर्च त्यानंतरचा.

मोताळा तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे. या श्रावणात शाळेचा सूक्ष्मदर्शक कपाटातून बाहेर काढा. चारशे पट मोठं दाखवणारा असला तरी आठ बीजाणू मोजता येतात. काडी कुठली, गाव कोणतं, तारीख काय, हे पाकिटावर लिहा, काडी सावलीत वाळवून त्यात ठेवा, आणि काप घ्याल तो आधी साध्या पाण्यात पाहा.