वासरू दाव्याला शिकवताना : ओढ नव्हे, ढील शिकवते



कुठे आषाढात बेंदूर असतो, कुठे श्रावण अमावस्येला पोळा. सण जवळ आला की आपण वर्गात ‘बैलाचे आत्मवृत्त’ लिहायला देतो. मुलंही ठरलेल्या ओळी लिहून मोकळी होतात. बैल शेतकऱ्याचा मित्र आहे, तो खूप कष्ट करतो, त्याला पुरणपोळी आवडते. पण हा बैल माणसाच्या मागे चालायला शिकला कधी, आणि त्याला शिकवलं कोणी, हे कुणी विचारत नाही.

खेड्यात याचं उत्तर बऱ्याचदा आपल्याच वर्गात बसलेलं असतं. घरचं वासरू चौथी-पाचवीतलं पोरच सांभाळतं. माझं स्पष्ट मत आहे की वासराला म्होरकी घालून चालायला शिकवणं हे या मुलांचं खरंखुरं ज्ञान आहे. शाळेनं ते ज्ञान म्हणूनच मोजायला हवं. आणि शिक्षक म्हणून आपणही त्यातून एक गोष्ट घ्यायला हवी.

उशीर केला की जोर लागतो

आधी शब्द स्पष्ट करू. खुंट्याला बांधायची दोरी म्हणजे दावं. तोंडाभोवती बसते ती म्होरकी. हातात धरून चालवायचा लांब दोर म्हणजे कासरा. नाक टोचून घालतात ती वेसण.

अनेक घरांत वासरू मोठं होईपर्यंत मोकळंच हुंदडतं. खोंड अंगानं भरला की चार माणसं त्याला पाडतात, नाक टोचतात आणि मग शिकवणं सुरू होतं. तोपर्यंत त्याला एक गोष्ट पक्की कळलेली असते, ती म्हणजे आपण माणसापेक्षा ताकदवान आहोत. खिल्लारसारखं तापट जातीचं जनावर असेल तर पुढचे दिवस नुसत्या झटापटीत जातात. देशी वासरू जन्मतः साधारण 20-25 किलोचं असतं, तर पूर्ण वाढलेला खिल्लार बैल 400 किलोंच्या पुढे जातो. शिकवायला कोणतं वय बरं, हे तिसरीतलं मूलही सांगेल.

पद्धत काय?

जाणती माणसं घाई करत नाहीत. पहिले काही दिवस फक्त ओळख करतात. रोज दहा मिनिटं वासराच्या गळ्याखालची पोळी खाजवायची, मानेवरून हात फिरवायचा, दोरी अंगाला लागू द्यायची. ते बुजायचं थांबलं की मगच म्होरकी.

म्होरकी मऊ सुती दोरीची असावी. नाकावरचा पट्टा डोळ्यांच्या थोडा खाली, हाडावर बसला पाहिजे. नाकपुड्यांजवळच्या मऊ भागावर आला तर श्वासाला अडचण होते. आत दोन बोटं सहज जावीत इतकी ती सैल हवी. वासरू भराभर वाढतं, म्हणून दर आठवड्याला म्होरकी तपासून सैल करावी लागते, नाहीतर दोरी कातडीत रुतते आणि जखम होते. गळ्यात सरकफास तर कधीच नको.

मग बांधायची सवय. वासराच्या डोक्याच्या उंचीवर, पाय अडकणार नाही इतक्या आखूड दोरीनं, पंधरा-वीस मिनिटं बांधायचं. कुणीतरी जवळ थांबायचं. ते ओढेल, मागे सरकेल, शेवटी शांत उभं राहील. शांत झाल्यावरच सोडायचं. झटापट चालू असताना सोडलं तर ‘झटापट केली की सुटका होते’ एवढंच ते शिकेल.

चालायला शिकवताना पहिली दिशा त्याच्या आवडीची ठेवायची. गाईकडे किंवा पाण्याकडे. आपण त्याच्या खांद्याशेजारी चालायचं. समोर उभं राहून डोळ्यांत बघत ओढलं तर ते चारही पाय रोवून उभं राहतं. आणि मुलांना एक नियम बजावून सांगायचा, कासरा हाताला गुंडाळायचा नाही. वासरू उधळलं तर हात सोडवता आला पाहिजे.

खरी मेख ढिलीत आहे

आता मुख्य मुद्दा. कासरा हलकासा ताणायचा आणि थांबायचं. वासरानं एक पाऊल, अगदी अर्धं पाऊल टाकलं की त्याच क्षणी कासरा ढिला सोडायचा. त्या क्षणी वासराला कळतं, ‘असं केलं की ताण जातो.’ ताण फक्त प्रश्न विचारतो, उत्तर बरोबर आलं हे ढील सांगते. ढील उशिरा दिली तर कशाबद्दल दिली ते त्याला कळत नाही. ढील दिलीच नाही, सतत ओढतच राहिलं, तर वासरू ओढण्याची सवय करून घेतं आणि मान घट्ट करतं.

मूल म्हणजे वासरू नव्हे, हे मला ठाऊक आहे. मुलाला कारण सांगता येतं, मूल प्रश्न विचारतं, आणि त्याला आपल्या मागे चालायला शिकवणं हे शिक्षणाचं ध्येयच नाही. तरी आपल्या वर्गात बघा. पहिलीतलं मूल अडखळत का होईना, एक शब्द वाचतं आणि आपण लगेच म्हणतो, “पुढचा वाच.” त्यानं टाकलेलं अर्धं पाऊल कुणाला दिसतच नाही. घरी आई-बाबांचंही तेच, “यात दोन चुका कशा झाल्या?” कासरा कायम ताठ. मग मूल पाय रोवून उभं राहिलं की आपण त्याला ‘लक्ष नसणारा’ म्हणतो.

मारून दोन्हीकडे काही साधत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला बंदी केली आहे. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात जनावराला मारणं आणि अवास्तव आखूड किंवा जड दोरीनं बराच वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा धरला आहे. पण कायद्याच्या भीतीनं काठी खाली ठेवणं वेगळं आणि काठीची गरजच नाही हे उमजणं वेगळं. वासरू शिकवणाऱ्या पोराला हे दुसरं उमजलेलं असतं.

वर्गात काय करता येईल?

माझ्या वर्गातला एक मुलगा परिच्छेद लिही म्हटलं की वही झाकून बसायचा. त्याला म्हटलं, “नवीन माणसाला तुझी कालवड चालवायची आहे, त्याला सूचना लिहून दे.” त्यानं पान भरून दिलं. शुद्धलेखन कच्चं होतं, पण एकही पायरी चुकली नव्हती. सूचनालेखन दुसरं काय असतं?

परिसर अभ्यासात अशी मुलं ‘तज्ज्ञ’ म्हणून बोलू शकतात. गणितात दोरीची लांबी आधी वितेनं आणि मग मीटरनं मोजता येते, किती दिवसांत किती पावलं याचा तक्ता करता येतो. भाषेत ‘वेसण घालणे’, ‘दावणीला बांधणे’ हे वाक्प्रचार मुलं अर्थासकट पाठ करतात. ज्यांच्या गोठ्यात ती वेसण टांगलेली आहे, त्यांनाच ते समजावून सांगायला लावा. आणि वर्णनात्मक नोंदी करताना ‘वासराला संयमाने शिकवतो, निरीक्षण अचूक आहे’ हे वाक्य जरूर लिहा.

पालकांची शंका

“गुरुजी, गुरंच राखायची असती तर शाळेत कशाला घातलं असतं?” हा प्रश्न रास्त आहे. गुरांपायी शाळा बुडवणं मला मुळीच मान्य नाही. रोजची पंधरा मिनिटं, तीही शाळा सुटल्यावर, मोठ्या माणसाच्या नजरेखाली, आणि वासरू लहान असेपर्यंतच. खोंड आवरणं हे मुलाचं काम नव्हे.

दुसरी शंका असते, ट्रॅक्टर आल्यावर हे कशाला? बैल कमी झाले हे खरं, पण गाई आहेतच. 2022 मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा गावोगाव लसीकरण झालं. म्होरकीची सवय असलेलं जनावर सुईसमोर शांत उभं राहतं, नसलेलं स्वतःला आणि डॉक्टरांनाही इजा करतं. कानात बिल्ला मारताना, दूध काढतानाही तेच.

तेव्हा यंदाच्या पोळ्याला बैलाचं आत्मवृत्त बाजूला ठेवूया. मुलांना विचारूया, “तुमच्या वासरानं पहिलं पाऊल कसं टाकलं?” उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका, चुका काढू नका. तेवढी ढील आपणही देऊन पाहू.