ट्यूलिप पाहायला मार्चच कशाला?

दरवर्षी जानेवारी सरला की आमच्याकडे रजेचे अर्ज येऊ लागतात. पूर्वी त्यांत गावची जत्रा, काकांचे लग्न अशी कारणे असत. आता ‘सहकुटुंब युरोप सहल’ असे कारण असते आणि तारखा मार्चच्या. पालक मुलांना जग दाखवतात याचा आम्हांला आनंदच आहे. पण वार्षिक परीक्षेच्या तोंडावर मुलाला पंधरा दिवस शाळेबाहेर ठेवणे आम्हांला पटत नाही. शिवाय ज्यासाठी ही घाई, ते मार्चमध्ये नीट दिसतही नाही.

बहुतेकांना ओढ असते ती हॉलंडच्या ट्यूलिपची. तेथील लिसे गावची क्यूकेनहॉफ बाग १९५० पासून लोकांसाठी खुली आहे. तिथे दर वर्षी सुमारे ७० लाख कंद हिवाळ्यापूर्वी हाताने लावतात. २०२५ साली ही बाग २० मार्च ते ११ मे उघडी होती. मार्चअखेर बाहेर मुख्यतः क्रोकस आणि डॅफोडिल फुलतात. ट्यूलिपची शेते रंगतात ती एप्रिलच्या मध्यावर. आपली उन्हाळी सुट्टी लागते साधारण १० एप्रिलनंतर. दहावीची परीक्षाही तोवर आटोपते. मग अडचण कुठे आहे?

अडचण पैशाची आहे. मार्चमध्ये तिकीट स्वस्त पडते, हे मान्य. पाच माणसांच्या घराला तो फरक लहान नाही. त्यावर उपाय एकच, लवकर तयारी. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. म्हणजे एप्रिलसाठी दिवाळीच्या सुमारास. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि तो परतीनंतर निदान तीन महिने चालणारा हवा, हे आधी पाहावे. पासपोर्टचे काम आपल्या हुबळीतच होते. व्हिसासाठी बेंगळूरू गाठावे लागते, आणि बारा वर्षांवरील मुलांना बोटांचे ठसे देण्यासाठी न्यावे लागते. त्या एका दिवसाची रजा आम्ही आनंदाने देऊ.

या तयारीत मुलांनाही बसवावे. सगळे टूरवाल्यावर सोपवले की मूल नुसते सामानासारखे हिंडते! ॲमस्टरडॅमचे ॲन फ्रँकचे घर पाहायचे तर तिकिटे दर मंगळवारी, पुढच्या सहाव्या आठवड्यासाठी निघतात. तो हिशेब सातवीतला मुलगा सहज करील. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास पुढे जातात, तेव्हा आपल्यातले अंतर साडेचार तासांवरून साडेतीन का होते, हे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा असे चांगले समजते. धारवाडात पारा छत्तिशीवर असताना तिकडे दुपारी जेमतेम चौदा अंश. स्वेटर कोणाच्या पिशवीत किती, हे मुलांनीच ठरवावे.

तेव्हा नुसत्या सहलीसाठी मार्चची रजा आम्ही मंजूर करणार नाही. विश्वस्तांनीही याला पाठबळ द्यावे, ही विनंती. ज्यांची लेक तिकडे बाळंत व्हायची आहे, किंवा कोणी आजारी आहे, त्यांची गोष्ट निराळी. त्यांनी अर्ज न पाठवता ऑफिसात येऊन आमच्याशी बोलावे.