खडकातलं डबकं घरी आणण्याआधी

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी घरांना हे मुद्दाम सांगायचं आहे. सुट्टीत मुलांना घेऊन आपण डेव्हनला, कॉर्नवॉलला, स्कॉटलंडला जातो. ओहोटी लागली की खडकांमधली डबकी उघडी पडतात. त्यांत कोळंबी, शंखात राहणारा खेकडा, खडकाला चिकटलेलं लालभडक समुद्रफूल. मुलं तिथून हलत नाहीत आणि मग हट्ट सुरू होतो, ‘आई, हे घरी नेऊ या ना!’

नेता येतं. पण आधी टाकी, मग बादली.

या जीवांना खारं पाणी लागतं हे सगळ्यांना कळतं. त्यांना थंड पाणी लागतं, हे ध्यानात राहत नाही. टाकीचं पाणी 10 ते 15 अंशांच्या आसपास हवं आणि आपल्या बैठकीची खोली 20-22 अंशांवर असते. उन्हात डबकंही तापतं, असं कुणी म्हणेल. तापतं खरं, पण काही तासांत भरती येते आणि त्याला पुन्हा गार करते. घरातल्या टाकीला भरती नाही. ते काम चिलरला करावं लागतं. पाणी गरम करणारा हीटर स्वस्त, गार करणारा चिलर महाग. म्हणून लोक तिथेच हात आखडता घेतात. कृपा करून तसं करू नका. 2022 च्या जुलैत इंग्लंडात पारा पहिल्यांदाच 40 अंशांच्या वर गेला. तशा दिवशी टाकीत बर्फाच्या बाटल्या सोडून किती वेळ निभावणार? मुंबई-पुण्यातून कुणी विचारलं तर मी सरळ ‘नको’ म्हणते. तिथे रात्रंदिवस पंधरा अंश खाली खेचायचे आणि एकदा वीज गेली की सगळं संपलं.

चिलर गरम हवा बाहेर टाकतो, तेव्हा तो बंद कपाटात ठेवू नका. गार टाकीच्या काचेला बाहेरून घाम फुटतो आणि खालचं लाकूड फुगतं, म्हणून जाड अ‍ॅक्रिलिकची किंवा दुहेरी काचेची टाकी घ्या. शंभर लिटरपेक्षा लहान नको.

पाणी आरओचं आणि त्यात मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ, लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार होतील इतकं. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. पुढे पाणी उडून कमी होईल तेव्हा भर गोड्या पाण्याची घालायची, कारण मीठ मागेच राहिलेलं असतं. मग थांबायचं. जीवांच्या घाणीतून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू गारव्यात फार सावकाश वाढतात; दीड-दोन महिने सहज जातात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत टाकीत एकही जीव नको.

आणि मग आणायचं तेही थोडकं. एक-दोन समुद्रफुलं, चार कोळंब्या, फार तर बोटाएवढा एखादा शॅनी मासा. हिरवा खेकडा नकोच, तो शेजाऱ्यांना खातो. किनारा संरक्षित आहे का, हे आधी विचारून घ्या. उचललेला दगड होता तसाच परत ठेवा.

थोडकंच का? फिलिप हेन्री गॉस यांचं मत्स्यालयावरचं पुस्तक 1854 साली आलं आणि इंग्लंडात घरोघरी समुद्र पाळायची लाट उसळली. लोकांनी डबकी अक्षरशः खरवडून नेली. गॉस यांचा मुलगा एडमंड याने 1907 साली ‘फादर अँड सन’मध्ये त्या उजाड झालेल्या किनाऱ्याबद्दल हळहळून लिहिलं आहे.

नीट सांभाळलं तर मात्र काय मिळतं! पाण्याबाहेर समुद्रफूल म्हणजे नुसता जेलीचा लाल गोळा. टाकीत ते उमललं की चिमट्याने कोळंबीचा तुकडा एका पाकळीला टेकवा. पाकळी चिकटते, शेजारच्या वळतात आणि तुकडा हळूहळू मध्यावरच्या तोंडाकडे जातो. पाकळ्यांच्या बुडाशी निळ्या मण्यांची माळ असते, तीही तेव्हा दिसते. दुसऱ्या दिवशी चोथा बाहेर टाकला जातो. तो लगेच काढा, नाहीतर तोच सडून पाणी बिघडवतो.

असंच एक समुद्रफूल जॉन डॅलिएल यांनी 1828 साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून आणलं आणि एडिनबरात काचेच्या बरणीत ठेवलं. डॅलिएल 1851 मध्ये गेले. पुढे दुसऱ्यांनी त्याला सांभाळलं. लोक त्याला ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी, म्हणायचे. ते 1887 पर्यंत जगलं, शेकडो पिल्लं देऊन.

तेव्हा येत्या उन्हाळ्यात मुलांच्या हातात बादली देण्याआधी घरातल्या टाकीचा थर्मामीटर बघा. आकडा महिनाभर 15 च्या वर गेला नसेल तरच बादली द्या. गेला असेल, तर यंदा डबक्यातच पाहा आणि तिथेच ठेवून या.