निजेला धोंडा

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण आपल्याला शाळेतच भेटते. सोबत ठरलेली गोष्ट असते. महालात परांच्या गादीवर राजा कुशी बदलतोय आणि बाहेर बांधावर हात उशाला घेऊन शेतकरी घोरतोय. तात्पर्य असं की घाम गाळणाऱ्याला झोप आपोआप लागते आणि ज्याला लागत नाही त्याने पुरेसा घाम गाळलेला नाही. मला ही मराठीतल्या सगळ्यात निर्दय म्हणींपैकी एक वाटते. ती एका दमात दोघांना गप्प करते. गरिबाला सांगते, तुला अंथरूण कशाला हवं? आणि ज्याचा डोळा लागत नाही त्याला सांगते, दोष तुझाच.

८ मे २०२०. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर आदल्या संध्याकाळी चालत निघाले होते. भुसावळ गाठायचं, तिथून गावाकडची गाडी मिळेल अशी आशा. रस्त्यावर पोलीस अडवतील म्हणून त्यांनी रुळांची वाट धरली. पस्तीस-चाळीस किलोमीटर चालल्यावर तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, करमाडजवळ ते टेकले आणि बऱ्याच जणांना रुळांवरच झोप लागली. टाळेबंदीत गाड्या बंद आहेत असा त्यांचा समज होता. पहाटे मालगाडी आली. १६ जण मेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो तुम्ही पाहिला असेल. त्या दिवशी तो प्रत्येकाच्या फोनवर फिरला.

निजेला खरोखर धोंडा मिळाला होता. रुळांखालची खडी.

आठवड्याने, १५ मे रोजी, रस्त्याने चालणाऱ्या मजुरांना शोधून त्यांच्या अन्न-निवाऱ्याची सोय करण्याचे आदेश द्यावेत, असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला. रुळांवरच लोक झोपले तर त्यांना कोण कसं थांबवणार, अशा अर्थाचा प्रश्न खंडपीठाने विचारला आणि अर्ज फेटाळला. याच न्यायालयाने २०१२ मध्ये रामलीला मैदानाच्या प्रकरणात झोपेला मूलभूत हक्काचा दर्जा दिला होता. २०११ च्या जूनमध्ये दिल्लीच्या त्या मैदानावर झोपलेल्या आंदोलकांवर पोलिसांनी मध्यरात्री कारवाई केली होती आणि झोप ही संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं तेव्हा न्यायमूर्तींनी लिहिलं होतं. मैदानावरच्या झोपेला हक्क आणि रुळांवरच्या झोपेला ‘थांबवणार कोण?’ हा प्रश्न, या दोन्हींमध्ये आठ वर्षांचं अंतर आहे. मला ते त्याहून बरंच मोठं वाटतं.

हे आठवण्याचं कारण, महामारीतल्या झोपेबद्दल आपल्याकडे जे काही लिहिलं-बोललं गेलं ते जवळपास सगळं दुसऱ्याच माणसांबद्दल होतं. ‘कोरोनासोम्निया’ असा एक शब्द निघाला. त्याच्यामागून सल्ले आले. झोपण्याआधी तासभर फोन बाजूला ठेवा, खोलीत अंधार करा, शांतता ठेवा, पलंग फक्त झोपण्यासाठी वापरा, ऑफिसचं काम बेडरूममध्ये आणू नका. सल्ले चुकीचे नाहीत, डॉक्टरही तेच सांगतात. फक्त त्यातल्या प्रत्येक वाक्यात एक स्वतंत्र खोली गृहीत धरलेली आहे. ज्या घरात पलंगावर आजी, पलंगाखाली दोन मुलं आणि ओट्याशेजारी आई-वडील झोपतात, त्या घरात ‘पलंग फक्त झोपण्यासाठी’ हे वाक्य मोठ्याने वाचून पाहा.

झोप ही चैनीची गोष्ट असती तर यावर रागावण्याचं कारण नव्हतं. पण रोगाशी लढण्यात तिचा हिस्सा किती, हे महामारीच्या आधीच मोजलं गेलेलं आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १६४ निरोगी माणसांच्या मनगटावर यंत्र बांधून आठवडाभर त्यांची झोप मोजली, मग सर्दीच्या विषाणूचे थेंब त्यांच्या नाकात सोडून त्यांना हॉटेलात वेगळं ठेवलं. सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून अधिक निघाली. त्याआधी, २०१२ मध्ये, हिपॅटायटिस-बीच्या लशीबाबतही असंच दिसलं होतं. कमी झोपणाऱ्यांच्या शरीरात लशीनंतर प्रतिपिंडं कमी तयार झाली. म्हणजे थाळ्या वाजवून, काढे पिऊन आपण जी ‘इम्युनिटी’ शोधत होतो तिचा एक भाग रात्रीच्या सात-आठ तासांत होता. ते तास कुणाकडे होते?

जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ताच्या नमुन्यांची पाहणी झाली. वस्त्यांमधल्या सुमारे ५७ टक्के लोकांमध्ये विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, वस्त्यांबाहेरच्या इमारतींत सुमारे १६ टक्के लोकांमध्ये. हा फरक झोपेमुळे पडला असं मी म्हणत नाही. तो दाटीमुळे आणि सार्वजनिक संडासांमुळे पडला. पण ज्या खोलीत दोन माणसांत हातभर अंतर राहत नाही, त्या खोलीत सलग झोपही राहत नाही. एकाने कूस बदलली की तिघं जागे होतात.

मुंबईला हे नवं नाही. गिरणगावातल्या खोल्यांमध्ये कामगार पाळीने झोपत. रात्रपाळीचा माणूस सकाळी परतला की दिवसपाळीवाल्याच्या रिकाम्या जागेवर आडवा होई. बाबासाहेब आंबेडकरांच्या लहानपणची गोष्ट तुम्ही प्रेरणादायी म्हणून ऐकली असेल. परळला डबक चाळीतली एकच खोली, रात्री दोनपर्यंत वडील जागे राहत, मग मुलाला अभ्यासाला उठवत आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेवर स्वतः झोपत. आपण त्यातून जिद्दीचा धडा काढतो. मला ती चौरस फुटांची गोष्ट वाटते. दोघांना एकाच वेळी झोपायला जागा नव्हती. आणि असं जागून शिकलेल्या प्रत्येक मुलाचा पुतळा होत नाही. बाकीचे वर्गात मागच्या बाकावर पेंगतात आणि मार खातात.

आता या पाळीच्या व्यवस्थेवर टाळेबंदी घालून पाहा. २४ मार्च २०२० च्या रात्री आठला घोषणा झाली, बाराला दारं बंद. काम थांबलं आणि दोन पाळ्यांत झोपणारी माणसं एकाच वेळी एकाच खोलीत आली. ती खोली कधीच सगळ्यांसाठी नव्हती. ती ‘अर्धे बाहेर आहेत’ या हिशेबावर चालत होती. मुंबईतून चालत निघालेल्यांबद्दल ‘घरी बसायला काय झालं होतं?’ असं विचारणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडला नाही.

या शहराला एकदा तरी असा हिशेब मांडावा लागला होता. १८९६ मध्ये प्लेग आला आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट घरांचा आणि रोगाचा संबंध आहे, हे त्यामागचं गृहीतक होतं. ट्रस्टने गरिबांना न्याय दिला असं समजू नका. बांधल्या त्याहून जास्त खोल्या पाडल्या आणि प्लेगच्या नावाखाली लोकांना हुसकलं. तरी रोगाच्या मुळाशी घर आहे, एवढं सरकारी कागदावर आलं आणि बीआयटी चाळी आजही उभ्या आहेत. सव्वाशे वर्षांनी दुसरी महामारी आली तेव्हा आपल्या हाती काय आलं? पावसाचा आवाज ऐकवणारी अ‍ॅप्स.

बायकांच्या झोपेचं तर कुणी नावही काढलं नाही. महामारीआधीच्या, २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीनुसार घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. टाळेबंदीत सगळं घर चोवीस तास घरात आलं, कामवाल्या बाईला सुट्टी दिली (पगारासह किती जणांनी दिली, ते ज्याचं त्याला ठाऊक) आणि समाजमाध्यमांवर घरी केलेल्या केकचे फोटो झळकले. भांडी कुणी घासली? आणि ज्या बाया घराबाहेर पडल्या त्यांचं काय? आशा सेविका दारोदार ताप मोजत फिरल्या. केंद्राने त्यांना कोविडच्या कामाचे महिन्याला १,००० रुपये दिले, दिवसाचे साधारण ३३. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मानधनवाढीसाठी संपावर जावं लागलं. टाळ्या तर त्यांनाही मिळाल्याच होत्या.

आता तुमच्याबद्दल, म्हणजे हे रात्री दीड वाजता फोनवर वाचणाऱ्यांबद्दल. घरातले म्हणतात, फोनने झोप उडवली. काही अंशी खरं आहे, आणि जी कंपनी तुमच्या जागरणावर जाहिराती विकते तिची वकिली मी करणार नाही. पण महामारीने या आरोपाची एक परीक्षाच घेतली आणि तिचा निकाल कुणी नीट वाचला नाही. २०२० च्या वसंतात अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात १३९ विद्यार्थ्यांची टाळेबंदीआधीची आणि नंतरची झोप ताडून पाहिली गेली. वर्ग ऑनलाइन झाल्यावर ती मुलं उशिरा झोपू लागली, उशिरा उठू लागली आणि कामाच्या दिवशी एकूण सुमारे अर्धा तास जास्त झोपू लागली. ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंडमधल्या लोकांच्या पाहणीतही झोपेचे तास वाढलेले दिसले. काळजीमुळे तिची प्रत मात्र थोडी घसरली होती. फोन तेव्हाही हातात होता, उलट जास्तच. बदललं होतं वेळापत्रक. सकाळचा गजर आणि प्रवास काढून घेतल्याबरोबर ‘आळशी’ तरुण शरीर आपल्या ठरलेल्या वेळी झोपलं आणि उठलं.

हा निकाल वाचून एखाद्या समाजाने कॉलेजची आणि कामाची वेळ बदलण्याचा विचार केला असता. आपण साडेसातचं लेक्चर पुन्हा सुरू केलं आणि सकाळची ७:१२ ची लोकल पुन्हा पकडली. दिवसभर दुसऱ्याच्या ताब्यात असलेला वेळ रात्री चोरून परत घेणारी मुलं फोन घेऊन जागतात. त्यांना शिस्त नाही असं म्हणणं सोपं आहे.

फोनच्या पलीकडे तुमच्याच वयाचा एक मुलगा आहे, जो रात्री साडेअकराला तुमची बिर्याणी घेऊन जिना चढतो. तो कागदावर कामगार नाही, ‘पार्टनर’ आहे, म्हणून त्याच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा लागत नाही. रात्रपाळीचं काम ‘बहुधा कर्करोगकारक’ आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये म्हटलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून कायम ठेवलं. पार्टनरला हे कोण सांगणार? जिथे नियम आहेत तिथलीही कथा वेगळी नाही. निवासी डॉक्टरांची सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांहून आणि आठवड्याची ४८ तासांहून जास्त नसावी, असा केंद्राचा निर्देश १९९२ पासून आहे. सरकारी रुग्णालयातल्या कुठल्याही निवासी डॉक्टरला हे वाक्य ऐकवा आणि तो कसा हसतो ते पाहा. महामारीत आपण या मंडळींना ‘योद्धे’ म्हटलं. योद्धा म्हटलं की ड्युटीचे तास विचारायचे नसतात.

इथे मी म्हणीकडे परत येतो, कारण तिचा खरा उपयोग आता सुरू आहे. १७ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदी महिन्याचीही झालेली नसताना, गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांतला कामाचा दिवस १२ तासांचा केला आणि जादा तासांना दुप्पट दर देण्याची अटही काढली. इतर काही राज्यांनीही तास वाढवले. १ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने गुजरातची अधिसूचना रद्द केली. महामारीचं आर्थिक संकट म्हणजे कारखाने अधिनियमातली ‘सार्वजनिक आणीबाणी’ नव्हे, असं सांगितलं. रुळांवर झोपलेल्यांसाठी न सापडलेले शब्द इथे सापडले, हेही नोंदवायला हवं.

आपल्याला वाटलं, विषय मिटला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर आणि ओव्हरटाइमची मर्यादा तीन महिन्यांना ११५ तासांवरून १४४ वर नेण्याला मंजुरी दिली. या वेळी कुठली महामारी नव्हती, गुंतवणूक यावी हे कारण पुरलं. समर्थक म्हणतात, जादा तासांचे जादा पैसे मिळतील आणि कामगाराची लेखी संमती घेतली जाईल. पैशांची गरज खोटी नाही, अनेक कामगार आनंदाने सही करतील. पण भाडं आणि मुलांची फी समोर ठेवून घेतलेली संमती कितपत संमती असते, हे सही घेणाऱ्यालाही ठाऊक असतं.

बदलापूरहून अंधेरीच्या एखाद्या कारखान्यात जाणाऱ्याचा दिवस मांडून पाहू. काम १२ तास. जायला दोन, यायला दोन. उरले आठ. त्यात पाणी भरायचं, आंघोळ, डबा, जेवण, मुलाची वही, आजारी आईची गोळी आणि झोप. ती सही करणारी बाई असेल तर वरच्या २९९ मिनिटांतली निदान काही याच आठ तासांतून वजा करा.

असा संमतीचा कागद तुमच्यासमोर किंवा तुमच्या वडिलांसमोर आला, तर सही करण्याआधी त्याच कागदावर दोन वेळा लिहून मागा, घरून निघण्याची आणि घरी पोचण्याची. युनियन असेल तर तिला लिहायला लावा.