यंत्रे कोणाच्या छपराखाली?

आपल्या राज्यातील सहकारी बँका, पतसंस्था, हॉटेले, औषधांचे कारखाने आणि जहाज-व्यवसायातील कचेऱ्या यांचे दप्तर आता कपाटांत राहिलेले नाही. ते सर्व्हरमध्ये गेले आहे, आणि हे सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत एका वातानुकूलन यंत्राच्या भरवशावर ठेवण्याचे दिवसही सरले आहेत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. ज्यांचे काम त्या दिवसांत अडले त्यांना अधिक सांगावयास नको. यंत्रे आपली, पण जागा, वीज, थंडावा आणि पहारा परक्याचा, ही ‘कोलोकेशन’ची पद्धत म्हणूनच रूढ झाली. पद्धत चांगली आहे. अडचण आहे ती जागा निवडण्याच्या रीतीत. दर रॅकमागे मासिक भाडे किती, हा प्रश्न संचालक मंडळापुढे सर्वांत आधी येतो. वास्तविक तो सर्वांत शेवटी यावयास हवा.

भाड्याच्या खालोखाल भुरळ पडते ती प्रमाणपत्राची. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या तिसऱ्या श्रेणीचा अर्थ असा की, कोणताही एक भाग दुरुस्तीसाठी बाजूला काढला तरी ग्राहकाची यंत्रे चालू राहावीत. परंतु हे प्रमाणपत्र नुसत्या आराखड्यालाही मिळते आणि बांधून झालेल्या इमारतीलाही मिळते. आपल्यापुढे ठेवलेला कागद यांतील कोणता, हे विचारण्याचे कष्ट किती संचालक घेतात?

२९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री सँडी वादळाने समुद्राचे पाणी न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकात घुसवले. तेथील ७५ ब्रॉड स्ट्रीट या इमारतीत डेटा सेंटरचे जनित्र सतराव्या मजल्यावर सुरक्षित होते. डिझेल वर चढवणारा पंप मात्र तळघरात होता. तळघर बुडाले. मग कर्मचारी आणि ग्राहकांची माणसे बादल्यांतून डिझेल जिन्याने वर नेत राहिली आणि त्यांनी यंत्रे जगवली. जवळच्याच ३३ व्हाइटहॉल स्ट्रीटमध्येही पंप असेच तळघरात बुडाले, आणि तेथून चालणारी मोठमोठी वृत्त-संकेतस्थळे बंद पडली. इमारत किती उंच आहे, यापेक्षा तिचा पंप कोठे आहे, हे महत्त्वाचे ठरले.

गोमंतकीय संस्थांची पहिली नजर साहजिकच नवी मुंबईकडे जाते. त्यात गैर काही नाही. समुद्राखालच्या केबली मुंबईच्या किनाऱ्यावर येतात, अनेक दूरसंचार कंपन्यांच्या तारा एका छताखाली मिळतात, स्पर्धेमुळे भावही बरा मिळतो. पण ऐरोली, रबाळे, महापे हा पट्टा ठाण्याच्या खाडीलगतचा आहे, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे विसरता येत नाही. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी वीज-जाळे कोसळून मुंबई महानगराचा मोठा भाग अंधारात गेला, तो तर पावसाविना. तेव्हा मुंबई जरूर निवडावी. दोन्ही ठिकाणे मात्र मुंबईच निवडू नयेत.

येथेच खरी चूक होते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीची एक पाचमजली इमारत जळून खाक झाली आणि शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. आपली दुसरी प्रत आहे अशा समजुतीत निर्धास्त असलेल्या काही ग्राहकांना त्या दिवशी कळले की, ती प्रतही त्याच आवारात होती. दुसरी प्रत म्हणजे दुसरे कपाट नव्हे, दुसरे गाव. हैदराबाद वा बंगळूर समुद्रापासून दूर आहेत. (पुराची भीती तेथेही नाहीच असे नाही, ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादने ती पाहिली.) पण एकच संकट एकाच दिवशी दोन्हीकडे येण्याचा संभव फार थोडा. अंतरामुळे काम मंदावेल ही तक्रारही बहुतेक वेळा पोकळ असते. काचतंतूतून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे दोनशे किलोमीटर जातो. तार आठशे किलोमीटर धरली तरी जाण्यायेण्यास आठ मिलिसेकंद. प्रत्येक नोंद दोन्हीकडे एकदमच व्हावी असा ज्यांचा हट्ट आहे, त्यांनाच ती गोष्ट जाणवेल. देशाबाहेरचा स्वस्त पर्याय बँकांनी मनातही आणू नये. देयक-व्यवहारांची माहिती भारतातच ठेवावी, असा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ चा आदेश आहे.

मध्यरात्री यंत्राला हात कोण लावणार, हेही ठरलेले असावे. पणजीहून निघालेला आपला माणूस भर पावसात, कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकाने, नवी मुंबईस केव्हा पोहोचेल याचा हिशेब सोपा आहे. तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांच्या मदतीचा दर, ती किती मिनिटांत मिळेल याची हमी, वीजदर वाढल्यास वाढीव बोजा कोणावर, आणि जागा सोडताना आपली यंत्रे थकबाकीच्या नावाखाली अडवता येतील काय, ही कलमे वकिलाला वाचावयास द्यावीत. आणि पाहणीसाठी संचालकांनी डिसेंबरातल्या सुखद हवेत न जाता जुलैत जावे, स्वागतकक्षातील चहा घेण्यापूर्वी तळघराचा दरवाजा उघडावयास सांगावा, आणि डिझेलची टाकी व पंप नेमके कोठे आहेत ते आपल्या डोळ्यांनी पाहावे.