‘क्रिस्तपुराण’ सातवीच्या वर्गात यावे



अमेरिकेतल्या अनेक ‘क्लासिकल ख्रिश्चन’ शाळांत सहावी ते आठवीची मुले बायबलबरोबर लॅटिन आणि तर्कशास्त्र शिकतात. या वयात मूल प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घालते, म्हणून युक्तिवादाची शिस्तही तेव्हाच लावावी, असे लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९४७ साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात सांगितले होते. अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या ख्रिस्ती शाळांनी हा विचार जरूर उचलावा. ग्रंथ मात्र घरचा घ्यावा.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले, मराठी शिकले आणि त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांत बायबलची कथा सांगितली. हे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातच राचोलला छापले गेले. ग्रंथाच्या आरंभीच गोव्याच्या साष्टीतला एक नवख्रिस्ती पाद्रीगुरूंना विचारतो, जुनी पुराणे बंद केलीत, मग आम्हाला दुसरे का देत नाही? सातवीच्या मुलांना वाद घालायला यापरता चांगला प्रश्न कोणता?

हे पुस्तक तेव्हा रोमन लिपीत छापले होते. आजची मुलेही मोबाइलवर मराठी रोमन अक्षरांतच लिहितात. शिक्षकांनी फळ्यावर रोमन लिपीत एक ओवी लिहावी आणि ती देवनागरीत उतरवायला सांगावी. ऱ्हस्व-दीर्घ ठरवताना, यमक जुळवताना मुलांना प्रत्येक शब्द कान देऊन वाचावा लागेल.

भाषा जुनी आहे, पण ज्ञानेश्वरांच्या ओव्या आणि तुकोबांचे अभंग मुले शिकतातच.

धर्मप्रसाराची शंका अधिक गंभीर आहे. या शाळांत इतर धर्मांची मुलेही शिकतात. अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षण देता येत नाही, असे राज्यघटनेचे कलम २८ सांगते. ती मर्यादा काटेकोर पाळलीच पाहिजे. म्हणूनच हा ग्रंथ मराठीच्या तासाला, साहित्य म्हणून वाचावा. सोबत पंडिता रमाबाईंचे बायबलही ठेवावे. संस्कृतच्या या विदुषीने हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून मराठी भाषांतर केले. एकच प्रसंग स्टीफन्सच्या ओवीत आणि रमाबाईंच्या गद्यात वाचला, की तुलना करणे मुलांना आपोआप जमू लागेल.

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तिला अभिजात दर्जाही मिळाला. आता मुंबई महाधर्मप्रांताच्या शिक्षण मंडळाने निवडक शंभर ओव्यांची सटीप पुस्तिका काढावी, मराठीच्या शिक्षकांसाठी उन्हाळ्यात कार्यशाळा घ्यावी आणि येत्या जूनपासून सातवीला आठवड्यातून एक तास द्यावा.

— एक पालक, बोरिवली (प.)