सलाईनची सुई आणि जबाबदारीचे ओझे

सातपुड्याच्या कुशीत, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्या सीमेलगत, खंडवा–अकोला या जुन्या मीटरगेज लोहमार्गावर तुकईथड नावाचे एक गाव आहे. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील हे गाव आमच्या किनारपट्टीवरील वाचकांपैकी फारच थोड्यांनी पाहिले असेल. परंतु मेळघाटच्या डोंगरांना टेकलेल्या या मुलखात कानावर मराठी पडते, निमाडी पडते आणि कोरकूही पडते. अशा गावातला माणूस आजारी पडला की त्याच्या वाट्याला प्रथम मोठा डॉक्टर येत नाही. येते ती परिचारिका. हगवणीने सुकलेले मूल असो की बाळंतपणात रक्तस्राव होऊन पांढरीफटक पडलेली बाई असो, तिच्या हाताची शीर शोधून सुई घालणारा, सलाईनची बाटली टांगणारा आणि रात्रभर त्या बाटलीवर डोळा ठेवणारा हात बहुधा परिचारिकेचाच असतो. या हातात कौशल्य किती आहे, ते त्याला कोणी शिकविले आणि त्या हातून चूक घडली तर जाब कोणी द्यावयाचा, हे तीन प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो. ते प्रश्न तुकईथडचे आहेत तसेच सत्तरी, सांगे आणि काणकोणचेही आहेत.

शिरेतून द्रव देण्याच्या उपचाराकडे आपला समाज काहीशा भाबडेपणाने पाहतो. 'सलाईन लावली' एवढे ऐकले की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. वस्तुतः हा उपचार जितका तारक तितकाच जोखमीचा आहे. तोंडावाटे घेतलेल्या औषधाची चूक काही वेळा पोटातच अडविता येते. शिरेत गेलेले औषध परत घेता येत नाही. पोटॅशियम क्लोराईडचे तीव्र द्रावण पातळ न करता झटक्याने शिरेत गेले तर हृदय थांबते. नळीतून हवा गेली तर प्राणावर बेतते. सुई शिरेबाहेर सरकली आणि औषध दाहक असले तर मांस जळून हात कायमचा निकामी होऊ शकतो. वृद्धाच्या किंवा लहान मुलाच्या अंगात प्रमाणाबाहेर पाणी गेले तर ते फुप्फुसात साचून रुग्ण गुदमरतो.

यात गणितही आहे. पाचशे मिलिलिटरची बाटली चार तासांत द्यावयाची आणि नळी मिलिलिटरला २० थेंब पाडणारी असेल, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडले पाहिजेत. तीच नळी मिलिलिटरला १५ थेंबांची असेल तर ३१. मुलांसाठीच्या सूक्ष्म नळीचे मिलिलिटरला ६० थेंब होतात. घड्याळ हातात धरून थेंब मोजणारी परिचारिका वरकरणी सामान्य काम करीत असल्यासारखी दिसते; परंतु तिच्या त्या मोजणीवर एक जीव टांगलेला असतो. शीर सापडणे ही या कौशल्याची केवळ पहिली पायरी होय. रुग्णाचे नाव पडताळणे, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ तपासणे, ॲलर्जी विचारणे, बाटली उजेडाकडे धरून ती गढूळ किंवा तडकलेली नाही हे पाहणे, सुईची जागा लाल झाली की सुई काढणे, आणि या साऱ्याची केसपेपरवर वेळेसह नोंद करणे, इतक्या सगळ्याला मिळून 'सलाईन लावणे' असे नाव आहे.

बुऱ्हाणपूरच्या भूमीला या विषयाची एक करुण आठवण आहे. १६३१ साली याच शहरात मुमताज महल आपल्या चौदाव्या बाळंतपणात मरण पावली. हिंदुस्थानाच्या फार मोठ्या भागावर हुकमत चालविणाऱ्या बादशहाजवळ हकीम होते, सोने होते, सैन्य होते; परंतु पत्नीला वाचविण्याचे साधन नव्हते. शिरेतून मीठपाणी देण्याचा पहिला यशस्वी प्रयोग थॉमस लाटा या डॉक्टरने स्कॉटलंडमध्ये पटकीच्या रुग्णांवर केला तो १८३२ साली, म्हणजे त्यानंतर दोनशे वर्षांनी. बादशहाला जे मिळाले नाही ते आज खेड्यातील बाळंतिणीला मिळू शकते: वेळेवर घातलेली सुई, त्यातून द्रव, रक्तस्राव रोखणारे औषध आणि पुढे रक्त. मात्र ते मिळण्यासाठी त्या सुईमागे जाणता हात असावा लागतो. तो नसेल तर बादशहाची राणी आणि शेतमजुराची बायको यांत फरक उरत नाही.

हा जाणता हात घडतो कोठे? साहाय्यक परिचारिकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, सामान्य परिचर्येचा तीन वर्षांचा आणि पदवीचा चार वर्षांचा असतो. कागदावर ही व्यवस्था चोख दिसते. परंतु ज्या राज्यात तुकईथड वसले आहे, त्या मध्य प्रदेशात परिचर्या महाविद्यालयांचे जे प्रकरण गेल्या काही वर्षांत उघडकीस आले, ते वाचून कोणाही विचारी माणसाची झोप उडावी. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने ३०८ महाविद्यालयांची तपासणी केली. २०२४ च्या प्रारंभी सादर झालेल्या अहवालात त्यांतील केवळ १६९ योग्य ठरली, ७४ मध्ये त्रुटी आढळल्या आणि ६५ अयोग्य ठरली. दुर्दैवाची परिसीमा अशी की, त्याच वर्षी मे महिन्यात तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांनाच अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली आणि 'योग्य' ठरविलेल्या महाविद्यालयांची फेरतपासणी करण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. ज्या महाविद्यालयाला संलग्न रुग्णालय नाही, खाटा नाहीत, शिकविणारे नाहीत, तेथील विद्यार्थिनीने शिरेत सुई घालण्याचा सराव कोणावर आणि कोणाच्या देखरेखीखाली केला असेल? या मुलींपैकी बहुतेक जणी सामान्य घरांतील. आईबापांनी पदरमोड करून शुल्क भरले आणि हाती प्रमाणपत्र आले. कौशल्य मात्र आले नाही. फसविल्या गेल्या त्या प्रथम या मुली, आणि त्यांच्यानंतर त्यांचे रुग्ण.

आता कायद्याकडे वळू. वैद्यकीय हलगर्जीपणाविषयीच्या आपल्या न्यायशास्त्राचा एक पाया कोकणच्या वाळूत आहे, हे फार जणांस ठाऊक नसेल. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यास नेण्यात आले व तेथे उपचारादरम्यान तो दगावला. त्यावरून उद्भवलेल्या जोशी विरुद्ध गोडबोले या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरविताना काळजी घेणे, कोणता उपचार द्यावा हे ठरविताना काळजी घेणे आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना काळजी घेणे. यांतील तिसरे कर्तव्य आज रुग्णालयात बहुतांशी परिचारिकेच्या हातून पार पडते.

त्या कर्तव्यात कसूर झाली तर काय होते, याचा धडा स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या खटल्यात मिळतो. १९९३ च्या डिसेंबरात विषमज्वरासाठी दाखल केलेल्या एका बालकाला परिचारिकेने भलतेच औषध, मलेरियावरील क्लोरोक्विन, शिरेतून दिले. मुलाचे हृदय थांबले, मेंदूला कायमची इजा झाली. ती परिचारिका पात्रताधारक नव्हती असे आढळले. आणि जे इंजेक्शन डॉक्टरने स्वतः द्यावे अशी वरिष्ठांची सूचना होती, ते त्याने तिच्यावर सोपविले होते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या यातनांसाठी पाच लाख रुपये भरपाई ठरविली व १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. अपात्र व्यक्तीच्या हाती सुई देणारे रुग्णालय हात झटकू शकत नाही, हा त्या निकालाचा अर्थ. सरकारी रुग्णालयांनाही सुटका नाही. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ साली शस्त्रक्रियेच्या वेळी एका स्त्रीच्या पोटात कापड राहून ती मरण पावली. त्या खोडवा खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने, नेमका दोष कोणा एकाचा हे सांगता आले नाही तरी शासन जबाबदार आहे, असा निर्णय दिला.

भरपाईच्या बाबतीत न्यायालयांनी दाखविलेली ही दृष्टी फौजदारी कायद्यात मात्र दिसत नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ अन्वये हलगर्जीपणाने मृत्यू घडविणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना तसे घडले तर ही मर्यादा दोन वर्षांवर येते. या शब्दांची व्याख्या कायद्यातच दिली आहे: वैद्यकीय पात्रता असलेला आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला डॉक्टर. परिचारिकेचे नाव परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत असते. सबब ती या सवलतीत बसत नाही. म्हणजे चुकीचे औषध लिहिणाऱ्या डॉक्टरला दोन वर्षे आणि त्याच्या आज्ञेवरून तेच औषध शिरेत घालणाऱ्या परिचारिकेला पाच, असा प्रसंग कायद्याच्या शब्दांनुसार संभवतो. अधिकार ज्याचा अधिक त्याला शिक्षा कमी, आणि आज्ञा पाळणाऱ्याला अधिक, हे कोणत्या न्यायात बसते? २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांच्या मताखेरीज डॉक्टरांवर फौजदारी कारवाई होऊ नये असे संरक्षण दिले. तसेच संरक्षण परिचारिकांनाही मिळावे अशी भूमिका २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने घेतली, ती स्वागतार्ह आहे. परंतु एका राज्याच्या न्यायालयाने घेतलेली भूमिका देशाच्या कायद्यातील उणीव भरून काढू शकत नाही.

यावर कोणी म्हणेल की, ही परिचारिकांची वकिली झाली; मेलेल्या रुग्णाच्या घरच्यांनी कोणाकडे पाहावे? हा आक्षेप रास्त आहे व त्याला उत्तर दिलेच पाहिजे. बेफिकीर परिचारिकेला पाठीशी घालावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. औषधाच्या कुपीवरील नाव न वाचता सुई टोचणे, थेंबांचा वेग न पाहता निघून जाणे, न केलेल्या तपासणीची नोंद करून ठेवणे हे अक्षम्य अपराध आहेत. डॉक्टरची आज्ञा होती, एवढ्याने परिचारिका सुटत नाही. उघड चुकीची वाटणारी मात्रा थांबवून विचारणे हा तिच्या व्यवसायाचा धर्म आहे. पण ज्या रात्रपाळीत एका परिचारिकेवर सबंध कक्ष सोपविलेला असतो, जेथे डॉक्टर दूरध्वनीवरून तोंडी आदेश देतो आणि सकाळी कागदावर सही करावयास विसरतो, तेथे एकटी परिचारिका आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करून न्याय होत नाही. २०११ साली जोधपूरच्या रुग्णालयात दूषित सलाईनने अनेक प्रसूत स्त्रियांचा बळी गेल्याचे प्रकरण देशभर गाजले. २०२५ च्या जानेवारीत मेदिनीपूर येथेही शिरेतून दिलेल्या द्रवाविषयीच संशय व्यक्त झाला. बाटली गढूळ दिसली तर ती न लावणे परिचारिकेच्या हाती आहे. ती बाटली कारखान्यातून निघताना निर्दोष होती की नाही, हे पाहणे सरकारचे काम आहे.

शेवटी थोडा दोष आपणा रुग्णांकडेही घ्यावयास हवा. अशक्तपणा वाटला की 'एक सलाईन लावा' असा हट्ट शहरात व खेड्यात सारखाच चालतो. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्धा लिटरच्या बाटलीत साखर असते ती २५ ग्रॅम, म्हणजे पाचसहा चमचे! तिच्यासाठी शिरेत सुई टोचून घेण्याची गरज निरोगी पचनाच्या माणसाला नाही. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे देऊन पटकीचे असंख्य रुग्ण वाचविले. देशाने २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले; परंतु त्यांचा धडा आपण अजून गिरविलेला नाही. अनावश्यक सुई टळली तर आवश्यक सुईकडे लक्ष देण्यास परिचारिकेला वेळ मिळेल.

उपाय अवघड नाहीत. शिरेवाटे उपचार करण्याची परवानगी केवळ प्रमाणपत्रावर न देता प्रत्यक्ष परीक्षा घेऊन द्यावी आणि ती ठराविक काळाने नव्याने घ्यावी. धोकादायक औषधे दोघींनी तपासल्याखेरीज देऊ नयेत. पोटॅशियमच्या कुप्या सामान्य कपाटात ठेवू नयेत. तोंडी आदेश ठराविक मुदतीत लेखी करणे डॉक्टरवर बंधनकारक असावे. कलम १०६ मधील सवलतीत नोंदणीकृत परिचारिकेचा समावेश संसदेने करावा. परिचर्येसाठी नवा राष्ट्रीय आयोग नेमण्याचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. या आयोगाच्या कामाची कसोटी महाविद्यालयांच्या संख्येवर नव्हे, तर तेथून बाहेर पडणाऱ्या हातांच्या कौशल्यावर लागेल.

गोव्यात वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८४२ पासूनची आहे आणि तिचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. परंतु बांबोळीत जे सहज मिळते ते डोंगराळ तालुक्यातील आरोग्य केंद्रात मध्यरात्री मिळते काय, हे विचारल्यावाचून तो अभिमान पुरा होत नाही. तुकईथडची बाळंतीण आणि काणकोणची बाळंतीण दोघीही आपला हात विश्वासाने एका अनोळखी स्त्रीपुढे करतात. त्या स्त्रीला नीट शिकविणे, तिला पुरेशा सहकारी देणे आणि तिच्या एकटीच्या माथी सगळ्यांचे पाप न मारणे, एवढे शासनाने केले तरी तो विश्वास सार्थ ठरेल.